संगणक ओळख दाखवीत नाहीं तेव्हां



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळीं माझ्या भाचीचा फोन आला. ती कऱ्हाडजवळच्या एका गांवांत मराठी शाळेंत शिकलेली. त्या वर्षीं पुण्यांतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत, संगणकशाखेंत तिला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहांत येऊन तिला पुरते तीन आठवडेहि झाले नव्हते. "मामा," ती म्हणाली, "मला वाटतें, हें माझें काम नव्हे. शाखा बदलून मागण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. अर्ज करूं का?" कारण विचारलें, तेव्हां बराच वेळ ती बोलेना. शेवटीं समजलें तें इतकेंच कीं, पहिल्या प्रात्यक्षिकाचा धडा आपल्या स्वतःच्या संगणकावर करून पाहावा म्हणून तिनें चार दिवस खटपट केली होती, आणि चारहि दिवस संगणकानें तिला एकच उत्तर दिलें होतें. 'जीसीसी' ही आज्ञा आपल्या ओळखीची नाहीं, असें तें उत्तर होतें. खोलींतल्या दुसऱ्या दोघी मुलींचे संगणक तीच आज्ञा मुकाट्यानें ऐकत होते. हिचाच तेवढा ओळख दाखवीत नव्हता. त्यावरून तिनें जो निष्कर्ष काढला तो संगणकाविषयीं नव्हता, स्वतःविषयीं होता.

हा प्रसंग एकट्या तिचाच असता, तर येथें सांगण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या ज्या घरांत कोणी मुलगा अथवा मुलगी प्रोग्रामलेखन शिकूं लागली आहे, त्या घरांत हें वाक्य आज ना उद्यां उमटतेंच. आईबाप सुशिक्षित असले तरी संगणकाच्या काळ्या खिडकींत आलेलें इंग्रजी वाक्य पाहून तेहि गप्प बसतात. म्हणून त्या वाक्याचा अर्थ काय, तें कोण बोलतें, आणि त्यावर उपाय काय, हें आज जरा सविस्तर सांगावें असें मनांत आहे.

विंडोज या प्रणालींत तें वाक्य असें उमटतें : 'जीसीसी' हें अंतर्गत अथवा बाह्य आज्ञा, चालूं शकणारा प्रोग्राम, किंवा बॅच-फाइल म्हणून ओळखलें जात नाहीं. वाक्य वकिली थाटाचें आहे खरें, पण त्यांत एकहि शब्द फुकट नाहीं. तो थाट क्षमा करून अर्थाकडे वळण्यापूर्वीं, जीसीसी म्हणजे कोण, हें दोन शब्दांत सांगितलें पाहिजे.

यंत्राला आंकड्यांपलीकडे कांहीं कळत नाहीं. माणसानें माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहावें, आणि दुभाष्यानें त्याचें यंत्राच्या आंकड्यांत रूपांतर करावें, अशी ही व्यवस्था आहे. या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. अमेरिकेंत ग्रेस हॉपर या बाईंनीं १९५२ च्या सुमारास या प्रकारचा पहिला प्रयत्न केला. पुढें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं 'सी' नांवाची भाषा घडविली. आमच्या महाविद्यालयांतून पहिल्या वर्षीं बहुधा हीच शिकवितात. आणि १९८७ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं सी भाषेचा एक कंपायलर सर्वांना मोकळा वापरतां यावा अशा शर्तीवर प्रसिद्ध केला. तोच जीसीसी. त्याचा मूळ मजकूर कोणीहि वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. किंमत कांहीं नाहीं. माझ्या भाचीला हवा होता तो हा गृहस्थ.

आतां महत्त्वाचा मुद्दा. वरील वाक्य हा गृहस्थ बोलत नाहीं. त्याची आणि माझ्या भाचीची अजून गांठच पडलेली नव्हती! तें वाक्य बोलतो तो काळ्या खिडकींतला आज्ञावाहक. विंडोजमध्यें त्याला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. त्याचें काम कचेरींतल्या पट्टेवाल्यासारखें आहे. साहेबांनीं म्हणावें, "अमक्याला बोलाव". आणि यानें त्या मनुष्याला शोधून आणून उभें करावें. कांहीं बारीकसारीक कामें तो स्वतःच उरकतो : फायलींची यादी दाखविणें, नक्कल करणें, एका कप्प्यांतून दुसऱ्यांत जाणें. या झाल्या 'अंतर्गत' आज्ञा. त्यांच्यासाठीं त्याला उंबरा ओलांडावा लागत नाहीं. बाकीचीं सर्व नांवें म्हणजे बाहेरचीं माणसें, अर्थात् डिस्कवर कोठें तरी ठेवलेल्या प्रोग्रामच्या फायली. या झाल्या 'बाह्य' आज्ञा.

बाहेरच्या माणसाला तो शोधतो कसा? सगळें गांव धुंडाळीत नाहीं. प्रथम आपण ज्या कप्प्यांत उभे आहों तेथें पाहतो. तेथें नसेल तर खिशांतून एक चिठ्ठी काढतो. त्या चिठ्ठीवर कांहीं पत्ते, अर्धविरामानें वेगळे करून, एका ओळींत लिहिलेले असतात. पहिल्या पत्त्यावर जाऊन 'जीसीसी' नांवाची आणि 'ईएक्सई', 'बॅट' अशा ठराविक शेवटांपैकीं एखादा शेवट असलेली फाइल आहे का, पाहतो, नसेल तर दुसऱ्या पत्त्यावर जातो, असें करीत यादी संपली कीं परत येतो आणि सांगतो, "ओळखीचा नाहीं." तो मनुष्य शेजारच्याच गल्लींत राहत असला, तरी चिठ्ठीवर गल्लीचें नांव नसेल तर पट्टेवाल्याच्या लेखीं तो या जगांतच नाहीं. या चिठ्ठीचें नांव 'पाथ'.

ही चिठ्ठी विंडोजची मूळची कल्पना नव्हे. युनिक्स प्रणालींत प्रारंभींचा आज्ञावाहक दोनचार ठराविक जागीं पाहत असे, आणि त्या जागा त्याच्या अंगांतच लिहिलेल्या होत्या. नवी जागा सांगण्याची सोय नव्हती. १९७९ सालीं युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, तिच्यांत स्टीफन बर्न यांचा आज्ञावाहक आला, आणि पत्त्यांची यादी ज्याची त्यानें ठरवावी ही रीत रूढ झाली. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीच्या १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत कप्प्यांच्या आंत कप्पे करण्याची सोय झाली. कप्पे वाढले म्हणजे शोधण्याची यादी आलीच. ती आजच्या विंडोजमध्येंहि त्याच नांवानें नांदते आहे.

एक फरक मात्र राहिला आहे. जुन्या युनिक्स यंत्रावर कंपायलर घरचाच असे. विंडोजच्या पेटींत सी भाषेचा कंपायलर येत नाहीं; तो आपण आणावा लागतो. बहुसंख्य नवशिके येथेंच फसतात, आणि त्यांचा दोष थोडा. ते 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' नांवाचा सुबक संपादक घेतात. त्यांत अक्षरें रंगीत दिसतात, कंस आपोआप जुळतात, सी भाषेची म्हणून एक जोडहि त्याला लावतां येते. एवढा थाट पाहिल्यावर आंत कंपायलर असणारच असें कोणालाहि वाटेल. नसतो. ती लिहिण्याची पाटी आहे, दुभाष्या वेगळा.

माझ्या भाचीकडून मीं चारहि दिवसांची हकीकत काढून घेतली. ती ऐकतांना माझ्या ध्यानांत एक मौजेची, म्हटली तर क्रूर, गोष्ट आली. पहिल्या दिवशीं तिच्याजवळ नुसती पाटी होती, दुभाष्या नव्हता. उत्तर आलें : ओळखीचा नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें 'एमसिस२' नांवाचा संच उतरवून घेतला. विंडोजवर जीसीसी आणण्याचा आज हा चांगला मार्ग आहे. परंतु हा संच म्हणजे कोठार आहे. जीसीसी त्यांत आपोआप येत नाहीं, कोठाराचा 'पॅकमॅन' नांवाचा भांडारी आहे, त्याच्याकडून तो मागून घ्यावा लागतो. हें तिला ठाऊक नव्हतें. उत्तर तेंच. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या मुलीनें भांडाऱ्याला सांगण्याची ओळ तिला लिहून दिली आणि जीसीसी खरोखरच घरांत आला. पण चिठ्ठीवर त्याचा पत्ता नव्हता. उत्तर तेंच. चौथ्या दिवशीं कोठें तरी वाचून तिनें चिठ्ठींत पत्ता घातला, तो नेमका शेजारच्या कप्प्याचा. आणि उत्तर पुन्हां तेंच!

म्हणजे चार दिवसांत तिनें चार निरनिराळ्या अडचणींशीं झुंज दिली होती. पहिल्या दोन तर पार केल्या होत्या, तिसरी अर्धी केली होती. पण पट्टेवाल्याजवळ वाक्य एकच. "दुभाष्या गांवांतच नाहीं" आणि "दुभाष्या आहे पण माझ्या यादींत नाहीं" या दोहोंसाठीं तो एकच शब्द वापरतो. आपण पुढें सरकलों आहों हें तिला कळण्याचा कांहीं मार्गच नव्हता. शिकविणाऱ्यांनीं हें एवढें जरी वर्गांत आधीं सांगितलें, तरी कितीतरी मुलांच्या रात्री वांचतील असें मला वाटतें. तिच्या वर्गांत प्रयोगशाळेंतल्या यंत्रांवर सर्व कांहीं आधींच बसविलेलें होतें, आणि घरीं काय करावें याबद्दल "इन्स्टॉल करून घ्या" या तीन शब्दांपलीकडे सूचना नव्हती.

मग आम्हीं फोनवरच कामाला लागलों. ज्यांच्या घरीं हा प्रसंग येईल त्यांनीं याच क्रमानें जावें.

आधीं, दुभाष्या घरांत आहे का? यासाठीं काळ्या खिडकीला विचारूं नये. ती तेंच वाक्य म्हणेल. फायलींच्या खिडकींत जाऊन डोळ्यांनीं पाहावें. एमसिस२ नेहमींप्रमाणें बसविलें असेल तर सी ड्राइव्हमध्यें 'एमसिस६४' हा कप्पा असतो. त्यांत 'यूसीआरटी६४', आणि त्यांत 'बिन'. या बिन कप्प्यांत 'जीसीसी' नांवाची फाइल असली पाहिजे. विंडोज फायलींच्या नांवांचा शेवट लपवून ठेवतें, म्हणून 'जीसीसी.ईएक्सई' असें न दिसतां नुसतें 'जीसीसी' दिसेल आणि प्रकारापुढें 'ॲप्लिकेशन' असें लिहिलेलें असेल. माझ्या भाचीला ती दिसली. "अगोबाई, आहे कीं!" असें ती म्हणाली, तो तिच्या आवाजांतला पहिला फरक.

तिनें चिठ्ठींत घातला होता तो पत्ता होता 'एमसिस६४', 'यूएसआर', 'बिन'. तोहि बिनच, पण दुसऱ्या घरचा. एमसिस२ मध्यें अशीं अनेक घरें आहेत आणि प्रत्येकांत एकेक बिन आहे. ज्या घरासाठीं भांडाऱ्याकडून जीसीसी मागितला त्याच घरांत तो येतो. म्हणून पत्ता आठवणीनें लिहूं नये. फाइल ज्या खिडकींत दिसते आहे, तिच्या माथ्यावरच्या पट्टींतून तो जसाच्या तसा उतरून घ्यावा. आणि पत्ता कप्प्याचा हवा, फायलीचा नव्हे. बिनपाशीं थांबावें; पुढें जीसीसी.ईएक्सई जोडलें कीं पट्टेवाला त्याच नांवाचा कप्पा शोधूं लागतो, आणि तो त्याला कोठेंच सांपडत नाहीं.

आतां चिठ्ठी. विंडोजच्या शोधपट्टींत 'एन्व्हायर्न्मेंट' हा शब्द टाकला कीं प्रणालीचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स बदलण्याची सूचना वर येते. ती उघडल्यावर खालच्या बाजूस त्याच नांवाचें बटण असतें. तें दाबल्यावर दोन याद्या दिसतात. वरची आपल्या एकट्याची, खालची सर्व यंत्राची. वरच्या यादींत 'पाथ' ही ओळ निवडावी, 'एडिट' दाबावें, 'न्यू' दाबावें, उतरून घेतलेला पत्ता चिकटवावा, आणि जितक्या खिडक्या उघडल्या तितक्या वेळां 'ओके' म्हणावें. आधींचे पत्ते पुसूं नयेत. पूर्वीं विंडोज ७ मध्यें ही सगळी यादी एका लहानशा चौकटींत एकाच लांबलचक ओळींत असे. तेथें नवें चिकटवतांना जुनें सर्व पुसून बसलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत, आणि एकदां त्यांत मी स्वतःहि होतों. विंडोज १० पासून एकेका ओळींत एकेक पत्ता दिसूं लागला, तेव्हांपासून हें संकट बरेंच कमी झालें.

येथें एक इशारा. 'सेटएक्स' नांवाच्या आज्ञेनें हेंच काम एका ओळींत होतें असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलेलें आढळतें. ती आज्ञा १,०२४ अक्षरांपलीकडचा मजकूर छाटून टाकते. आणि सर्रास सांगितल्या जाणाऱ्या पद्धतीनें वापरली तर यंत्राची यादी आणि आपली यादी यांची खिचडीहि करून ठेवते. यादी लांब असेल तर शेवटचे पत्ते नाहींसे होतात आणि आठवड्यानें भलताच प्रोग्राम ओळखीचा नाहींसा होतो. घाईची वाट टाळलेली बरी.

तिनें पत्ता दुरुस्त केला, ओके म्हटलें, काळ्या खिडकींत पुन्हां जीसीसी लिहिलें. "मामा, तेंच." आवाज पुन्हां खालीं गेला. मीं विचारलें, "खिडकी नवी उघडलीस कीं दुपारचीच आहे?" दुपारचीच होती. ही चौथी अडचण, आणि सर्वांत छळणारी. पट्टेवाला कामावर येतांना चिठ्ठीची नक्कल खिशांत घालून येतो. मागाहून कचेरींतली मूळ यादी बदलली तरी त्याच्या खिशांतली नक्कल जुनीच राहते. म्हणून तो बदलावा लागतो, म्हणजे खिडकी बंद करून नवी उघडावी लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या पोटांतली खिडकी असेल तर तेवढी बंद करून भागत नाहीं, कारण तिला नक्कल मिळते ती त्या संपादकाकडून, आणि त्याची स्वतःचीच जुनी असते. अख्खा संपादक बंद करून पुन्हां उघडावा. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण हिच्यापायीं बरोबर केलेलें कामहि चुकलें असें समजून लोक तें मोडून टाकतात.

नवी खिडकी उघडली. जीसीसी लिहिलें. क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "आतां तर 'फेटल एरर' म्हणतो आहे. फेटल म्हणजे प्राणघातक ना?"

मला हंसूं आलें, पण तिला आलें नव्हतें. संपूर्ण वाक्य वाचायला सांगितलें. तें असें होतें : 'जीसीसी : घातक चूक : वाचावयास फाइल दिलेली नाहीं.' वाक्याच्या आरंभीं जीसीसी होतें. म्हणजे या वेळीं बोलत होता तो पट्टेवाला नव्हे; खुद्द दुभाष्या येऊन उभा राहिला होता आणि विचारीत होता, "मला बोलाविलेंत, पण भाषांतर कशाचें करूं?" चार दिवसांनंतर ओळख पटली होती, तीच मुळीं या भयंकर शब्दानें. दोन्हीं वाक्यें इंग्रजींत, दोन्हीं काळ्या खिडकींत, दोन्हींत नकार. पण पहिलें बंद दाराबाहेरचें होतें आणि दुसरें घरांतलें. संगणकाचें कोणतेंहि रागाचें वाक्य आलें कीं तें कोण बोलतें आहे हें आधीं पाहावें, असें मीं तिला सांगितलें. तिनें तें वहींत लिहून घेतलें असावें, कारण पेन्सिलीचा आवाज आला.

ओळख पटली कीं नाहीं हें पाहण्याची सभ्य रीत म्हणजे जीसीसीपुढें दोन आडव्या रेघा देऊन 'व्हर्शन' लिहिणें. तो आपलें नांव आणि आवृत्ति सांगतो. शिवाय 'व्हेअर' या आज्ञेपुढें जीसीसी लिहिलें तर पट्टेवाल्याला तो कोणत्या पत्त्यावर सांपडला तें कळतें. कधीं कधीं दोन पत्ते निघतात. पर्ल भाषेचा 'स्ट्रॉबेरी' नांवाचा संच आपल्याबरोबर स्वतःचा जीसीसी घेऊन येतो, आणि मग घरांत दोन दुभाषे होतात. त्यांत ज्याचा पत्ता आधीं, तो येतो. यंत्राची यादी आपल्या यादीच्या आधीं वाचली जाते, हेंहि लक्षांत असूं द्यावें. निळ्या रंगाची 'पॉवरशेल' खिडकी वापरीत असाल तर तेथें 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ निराळा आहे, 'व्हेअर.ईएक्सई' असें पूर्ण लिहावें.

त्याच पॉवरशेलची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण लगेच पुढच्या पावलावर ती आडवी येते. सी भाषेंतल्या मजकुराचें भाषांतर झाल्यावर तयार होणाऱ्या प्रोग्रामला दुसरें नांव दिलें नसेल तर जीसीसी त्याला 'ए.ईएक्सई' म्हणतो. कमांड प्रॉम्प्ट आपल्या पायाखालच्या कप्प्यांत आधीं पाहतो, म्हणून नुसतें 'ए' लिहिलें कीं तो चालतो. पॉवरशेल पायाखालीं पाहतच नाहीं. नांवापूर्वीं टिंब आणि उलटी तिरपी रेघ देऊन "येथलाच" असें बजावावें लागतें. युनिक्सच्या घराण्यांतहि हीच चाल आहे. ही आढ्यता नव्हे. अनेकांच्या वापरांतल्या कप्प्यांत एखाद्या खोडसाळानें नेहमींच्या आज्ञेचें नांव देऊन आपला प्रोग्राम ठेवला, तर बेसावध मनुष्य तोच चालवून बसेल, म्हणून ही खबरदारी.

कप्प्यांच्या नांवांविषयींहि एक शब्द. एमसिस२ बसवावयाची जागा लहान नांवाची, साध्या इंग्रजी अक्षरांची आणि मध्यें जागा न सोडलेली असावी, असें तो संच तयार करणारेच सांगतात. आपल्या मुलांना आपल्या कप्प्यांना 'अभ्यास' अशीं देवनागरी नांवें देण्याची हौस असते आणि ती मला आवडते. पण हा एक संच त्या कप्प्यांत बसवूं नये.

जावा शिकणाऱ्यांना 'जावासी' या नांवासाठीं हेंच वाक्य दिसतें, आणि उपायहि हाच. फक्त बिन जावाच्या संचांतला. पायथनची तऱ्हा थोडी वेगळी : तें बसविलेलें नसतांना नांव लिहिलें तर अलीकडच्या विंडोजमध्यें कधीं कधीं मायक्रोसॉफ्टचें दुकानच उघडतें. पायथन बसवितांना पहिल्याच पडद्यावर पाथमध्यें पत्ता घालण्याची एक चौकट असते. ती रिकामी असते, तिच्यांत खूण करावी, म्हणजे पुढचें सगळें वांचतें. लिनक्सवर वाक्य आटोपशीर आहे, 'आज्ञा सांपडली नाहीं', आणि उबुंटूसारखी प्रणाली तर काय मागवावें हेंहि खालीं सुचविते. त्या बाबतींत विंडोजच्या पट्टेवाल्यानें तिच्याकडून चार धडे घ्यावे.

फोन ठेवला तेव्हां साडेनऊ वाजले होते. शाखेचा विषय तिनें काढला नाहीं, मींहि काढला नाहीं. दहाच्या सुमारास तिचा निरोप आला : "आतां म्हणतो, 'रिटर्न'च्या आधीं अर्धविराम हवा होता. कोण म्हणतो तें पाहिलें. जीसीसी." मीं उत्तर पाठविलें नाहीं. दहा मिनिटांनीं दुसरा निरोप आला. त्यांत तिच्या प्रोग्रामनें छापलेली एक ओळ तेवढी होती, आणि त्या ओळींत तिच्या गांवाचें नांव होतें.